भैरीची घळ आणि माझा एक मथळा

सुजाताचा फोन आला तेव्हा मी कोल्हापुरात बिंदू चौकाजवळ चष्म्याच्या दुकानात बसलो होतो. जुना चष्मा दुकानदाराच्या हातात, नवा अजून तयार नाही, त्यामुळं फोनवरचं नाव मला वाचता आलं नाही. पलीकडं कुणी बाई शांतपणे बोलत होती. "काका, सुजाता बोलतेय. पप्पा गेले. पहाटे छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात न्यायच्या आधीच..." मी काहीतरी बोललो असेन, अशा वेळी माणूस जे बोलतो तेच. तिनं ते ऐकून घेतलं आणि त्याच आवाजात म्हणाली, "दुपारी गावाकडं नेणार आहोत. तुम्ही या. पण एक सांगते, पेपरात काही देऊ नका." उभी हयात मी वर्तमानपत्रात काढली. कुणी गेलं की संध्याकाळच्या आत सहाशे शब्द, फोटो आणि मथळा हा माझा हातखंडा. लोक म्हणायचे, मेल्यावर तरी माझ्या हातचं छापून यावं. आणि माझा सगळ्यात जुना मित्र गेला तेव्हा त्याच्या लेकीनं मला पहिल्याच मिनिटात सांगितलं की तुमचे शब्द नकोत. तिचं काही चुकलं नव्हतं. का चुकलं नव्हतं ते सांगायला हा लेख लिहितोय, आणि तिला विचारूनच लिहितोय.

दिनकर कांबळे वनरक्षक होता. भुदरगडच्या पश्चिमेला, डोंगर कोकणाकडं वाकायला लागतात तिथं आमचं गाव. त्याचं नाव सांगत नाही, सांगितलं तर उद्या फ्लेक्स लागेल. गावाच्या वरच्या अंगाला सपाट काळा कातळ आहे आणि चालता चालता तो अचानक संपतो. खाली भैरीची घळ. दोन्ही बाजूंना उभे कडे, तळाला उन्हाळ्यात करंगळीएवढी दिसणारी नदी, आणि मधल्या हवेत, आपल्या पायांच्या खाली, गिधाडं. पक्षी वरून बघायची सवय आपल्या डोळ्यांना नसते. चौथीत असताना दिनकरनं मला पहिल्यांदा तिथं नेलं. काठापासून दहा हातांवर तो थांबला आणि म्हणाला, "पाटील, पालथा पड. हुबा राहिलास तर वारं वडून न्हेतंय." आम्ही पोटावर सरकत गेलो. कड्याच्या कपारींतून विष्ठेचे पांढरे ओघळ उतरलेले होते. जिथं ओघळ तिथं घरटं, हे त्यानं मला दाखवलं. तेव्हापासून शेवटपर्यंत तो मला आडनावानंच हाक मारायचा आणि मी त्याला दिनकर म्हणायचो. ह्यात काही वेगळं आहे असं मला कधी वाटलं नाही. मला बरंच काही वाटत नसे.

ती गिधाडं तिथं का होती, हे मात्र त्या वयातही आम्हा दोघांना ठाऊक होतं. पूर्वी गावात जनावर मेलं की ते ओढत नेऊन घळीच्या काठावर टाकणं दिनकरच्या वस्तीवर होतं. काम म्हणायचं ते आपलं म्हणायला, ती सक्ती होती. आमच्या वाड्यावरनं निरोप गेला की हातातली भाकरी टाकून निघावं लागायचं. दिनकरचे वडील, आबा, मिसरूड फुटायच्या वयात आपल्या बापाबरोबर ते करत. मग छप्पन सालचं धर्मांतर झालं. वस्तीतले लोक दीक्षा घेऊन परत आले आणि एका सकाळी सगळी वस्ती, बायका-पोरांसकट, कातळावर गेली. ज्या दोरांनी जनावरं ओढायचे ते दोर एकेकानं घळीत फेकून दिले. आबा हे सांगायचे तेव्हा दोर खाली जाताना कसा दिसतो ते हातानं करून दाखवायचे. म्हणायचे, "खाली पडल्याचा आवाज बी आला न्हाय बघ. यवढी खोल हाय ती." त्यानंतर गावातली मेलेली जनावरं गावानं पुरली, ओढ्यात टाकली, कुजवली, पण वस्तीवर निरोप धाडायची कुणाची छाती झाली नाही. काही वर्षं आमच्या घरात ह्या गोष्टीचा राग होता, तोही मी ऐकलेला आहे.

दिनकर वनखात्यात लागला, जिल्हाभर फिरला आणि शेवटी मागून मागून आपल्याच भागात बदली करून आला. घळ गावाला आपली वाटायची. ती कायम सरकारी जमीन होती, म्हणजे माझी, तुमची आणि कोल्हापूरच्या स्टँडवर झोपलेल्या माणसाचीही. गाव तिच्यात लग्नातल्या पत्रावळ्या आणि कोंबड्यांची पिसं टाकायचं. काठावर एकानं दगडाची खाण काढली होती आणि सुरुंग उडाला की गिधाडं तासभर परत बसत नसत. दिनकरनं ती खाण बंद पाडली. त्यात त्याची चार वर्षं गेली. दोनदा मार खाता खाता वाचला, आणि गावातल्या ज्यांचे ट्रॅक्टर खाणीवर होते त्यांनी त्याला दारात पाणी विचारायचं सोडलं. पुढं घळ संरक्षित म्हणून जाहीर झाली. हद्दीचे दगड लागले. विणीच्या दिवसांत, थंडी सुरू झाल्यापासून पिल्लं उडेपर्यंत, कातळावर कसलंही वाहन न्यायचं नाही, हा नियम त्यानंच धरून लावला. गावानं त्याला शिव्या दिल्या. मी तेव्हा एक लहानशी बातमी केली, आतल्या पानावर, दोन कॉलम. खाण बंद पडण्याला फोटो नसतो ना... आमच्या धंद्यात असंच चालतं.

घळ वाचली, पण गिधाडं राहिली नव्हती. जनावरांना दुखण्यावर जी सुई देत, तिचा अंश मेलेल्या जनावरात राहायचा आणि ते खाल्लेलं गिधाड मरायचं. हे सगळ्या देशात झालं, आमच्याकडंही झालं. शेवटी भैरीच्या कड्यावर पाच उरली. दिनकर रोज सकाळी दुर्बीण घेऊन पालथा पडायचा. एका थंडीत दोन घरट्यांत पिल्लं होती आणि त्यातलं एक, अंगात काही नसल्यासारखं, कपारीतच मान टाकून मेलं. आई-बाप दिवस दिवस लांब जाऊन रिकाम्या पोटी परत यायचे. घरी येऊन त्यानं मला फोन केला. "उपाशी मेलं रं ते. घळ राखली, पर खायाला काय ठेवलंय हितं?" त्याला उपाय ठाऊक होता. ती सुई न दिलेलं मेलेलं जनावर कातळावर ठेवायचं. जनावर गेल्याचं कळलं की तो मालकाला खोदून खोदून विचारी, आठवड्याभरात कुठली सुई दिली, डॉक्टर कोण, बाटली दाखव. खात्री पटली तरच. ट्रॅक्टर डांबरी सडकेच्या टोकापर्यंत येणार. तिथनं पुढं हद्द लागते, त्यामुळं उतारावरचं शेवटचं अंतर पत्र्यावर घालून दोरानं ओढत न्यायचं. दोघं-तिघं असले तर अर्ध्या तासाचं काम.

त्यानं शाळेत बैठक बोलावली. मी त्या रविवारी गावी होतो, मागच्या बाकावर बसलो होतो. दिनकर खाकी वर्दीत उभा राहिला आणि एकच अट घातली. "ज्याचं जनावर त्यानं दोर धरायचा. मी संगट हायच. पर धरायचा मालकानं." भिंतीकडंच्या रांगेतनं कुणीतरी म्हणालं, "मग तू कशाला हायस?" आणि हसू फुटलं. फार मोठं नाही, आपलं सवयीचं. दिनकरनं टोपी उचलली आणि बैठक संपली असं सांगितलं. मी बाहेर त्याला गाठलं आणि म्हणालो, मनावर घेऊ नकोस, अडाणी लोक आहेत. ते अडाणी लोक म्हणजे माझे चुलते, चुलतभाऊ आणि शाळेतले सोबती होते.

गाव पुढं आलं नाही. दुसरं पिल्लू तेवढं जिवंत होतं. चार दिवसांनी एकाची पाडी मेली, सुई दिलेली नव्हती, आणि दिनकरनं एकट्यानं ती पत्र्यावर घालून ओढली. अर्धा दिवस लागला. संध्याकाळी घरी आला तर आबा अंगणात बसलेले. त्यांना कुणीतरी आधीच सांगितलं होतं. दिनकरनं हे मला पुढं कधीतरी सांगितलं, तेही तुटक तुटक... आबांनी त्याच्या खांद्यावरचा वळ पाहिला आणि म्हणाले, "आमी घळीत टाकलेला दोर तू वर काढलास." बस. तो समजावत राहिला की आबा, हे कुणाच्या सांगण्यावरनं न्हाय, मी सरकारी माणूस हाय, माझ्या मनानं करतोय, पाखरांसाठी करतोय. आबांचं म्हणणं एवढंच की गावाला त्यातलं काय दिसणार आहे? बाप-लेक दोघंही खरं बोलत होते. त्या दिवसापासून आबांनी मुलाशी बोलणं सोडलं. जेवायला एकाच चुलीवरचं, झोपायला एकाच छपराखाली, पण शब्द नाही. मोठी म्हैस एकट्याला हलत नसे, म्हणून दिनकर रेडकं, पाड्या, शेळ्या घेई. ते पिल्लू मोठं झालं आणि एका सकाळी कपारीतनं उडालं. त्यानं मला फोनवर हे सांगितलं तेव्हा त्याचा आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता इतका हलका झाला होता.

आणि मग मी. पुढच्या थंडीत आमच्या घरची रेडी मेली. मी यात्रेला गावी आलेलो होतो. धाकटा भाऊ म्हणाला, "तू चाललाईस न्हवं दिनकर संगट? मग मी कशाला?" ट्रॅक्टर सडकेपर्यंत आला, रेडी पत्र्यावर उतरवली आणि तो परत गेला. सकाळची तिरपी उन्हं कातळावर पडली होती. मी नवा कॅमेरा आणला होता. दिनकर दोर खांद्यावर घेऊन वाकलेला, मागं पत्र्यावर जनावर, पुढं घळीची पोकळी आणि वर तीन गिधाडं. मी मागं-पुढं पळत, कधी पालथा पडून फोटो काढत होतो. असा फोटो जन्मात एकदा मिळतो, हे मला तिथंच कळलं होतं. रविवारच्या पुरवणीच्या पहिल्या पानावर तो अर्धं पान छापला. खाली लेख. त्यात घळीचं वर्णन, गिधाडांची माहिती, दिनकरचं कौतुक, सगळं मन लावून लिहिलेलं. त्याची वस्ती हे काम पूर्वी करायची, हेही मी मोठ्या जिव्हाळ्यानं लिहिलं. आणि मथळा दिला, 'पूर्वजांचा वारसा जपणारा वनरक्षक'. मला तो फार आवडला होता. दोन दिवस मी लोकांकडून वाहवा घेत हिंडत होतो. शालेय वयापासूनचा मित्र, दोर फेकल्याची गोष्ट आबांच्या तोंडून ऐकलेला माणूस, रोज शब्दांत हात असलेला माणूस, आणि माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की मी काय लिहितोय.

गावाला मात्र बरोबर कळलं. सरपंचांनी तो फोटो फ्लेक्सवर घेतला आणि ग्रामपंचायतीसमोर दिनकरचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, फेटा. खाण बंद पाडली तेव्हा ज्यांनी पाणी विचारलं नव्हतं त्यांनी मेलेलं रेडकू ओढल्याबद्दल शाल घातली. मी स्टेजवर होतो आणि टाळ्या वाजवत होतो. आठवड्याभरात त्याला फोन यायला लागले. पंचक्रोशीतनं यायचे. म्हस मेलीय, घिऊन जावा. कुत्रं मेलंय, वास सुटलाय. तो सुईचं विचारायचा तर लोक चिडायचे. एकानं तर सरळ सांगितलं, "पेपरात आलंय न्हवं? तुमच्यातच चालत आलेलं काम हाय. मग नखरं कशाला?" सुजाता तेव्हा कागलच्या एमआयडीसीत नुकती लागली होती, एका कारखान्यात क्वालिटी तपासायला. तिच्या विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी तो फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'आपल्या मॅडमचे वडील का?' पुढं एक हसरा चेहरा. तिनं ती नोकरी सोडली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच टेबलावर जाऊन बसली. पण मला हे सांगायला तिनं पाच वर्षं घेतली.

दिनकर मला एका शब्दानं बोलला नाही. महिनाभरानं कोल्हापुरात कामासाठी आला, माझ्याकडं चहा प्यायला, आणि बशी खाली ठेवता ठेवता म्हणाला, "पाटील, वारसा म्हंजे काय रं?" मी पुस्तकी उत्तर दिलं. म्हणजे पूर्वजांकडून आलेलं, आपण जपावं असं काही. तो मान हलवत राहिला. म्हणाला, "आबांनी सुजाताकडनं वाचून घेतलं. दोनदा वाचाय लावलं." तेव्हा कुठं माझ्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. मी घाईघाईनं म्हणालो, दिनकर, दुरुस्ती छापतो, पुढच्याच रविवारी छापतो. तो हसला. "काय छापशील? आमच्या चुकीनं 'वारसा' छापून आला, असं?" तो हसला म्हणून मीही हसलो, सुटलो म्हणून हसलो. आणि ती दुरुस्ती मी कधी छापली नाही. आज लाज वाटते ती ह्याची जास्त. मथळा चुकीनं गेला असं म्हणता येईल. दुरुस्ती मी डोळे उघडे ठेवून टाळली, कारण ती लिहायची तर माझं, माझ्या घराचं आणि त्या हसणाऱ्या बाकांचं नाव घ्यावं लागलं असतं. पुढच्या वर्षी आबा गेले. शेवटचं पाणी त्यांनी नातीच्या हातनं घेतलं. दिनकर उंबऱ्याशी उभा होता.

तरी तो ओढत राहिला. निवृत्तीनंतरही. मी एकदा चिडून म्हणालो, बस कर आता, ह्या गावासाठी कशाला? तर म्हणाला, "गावासाठी कोण करतंय मर्दा? गिधाडाला काय ठावं दोर कुणाच्या हातात हुता." त्याच्या हयातीत कड्यावरची पाच गिधाडं अकरा झाली. एवढं एक त्याचं त्याला मिळालं.

तो गेल्यानंतर पंधरा दिवसांनी गावानं शोकसभा घेतली. पुन्हा फ्लेक्स, पुन्हा माझाच फोटो, खाली 'गिधाडांचा कैवारी'. लोक चांगलं चांगलं बोलले. मग सरपंच उठले आणि म्हणाले की घळ आता पोरकी झाली, पर्यटक यायला लागलेत, गिधाडं टिकली पाहिजेत, तेव्हा दिनकररावांच्या घरातनंच कुणीतरी हे पवित्र काम पुढं चालवावं. सभेनं माना डोलावल्या. सुजाता पहिल्या रांगेत आईशेजारी बसली होती. ती उठली, माईकपाशी गेली नाही, जागेवरूनच बोलली. "आमच्या घरातलं कुणी येणार न्हाय. पप्पांनी एकच अट घातली हुती, ती तुमास्नी ठावं हाय. जनावर तुमचं हाय, दोर तुमी धरा." एरवी ती माझ्याशी शहरी बोलते. त्या दिवशी तिनं गावाला समजेल असं सांगितलं. आईचा हात धरून ती निघून गेली. भाषणाच्या यादीत पुढचं नाव माझं होतं. मी उठलो आणि दिनकरच्या दुर्बिणीबद्दल काहीतरी बोललो. त्या वेळी तिच्या बाजूनं एक वाक्य बोलायला हवं होतं, ते जमलं नाही.

मागच्या आठवड्यात मी तिच्या कोल्हापुरातल्या फ्लॅटवर गेलो, लेख लिहू का असं विचारायला. तिनं चहा दिला, आत गेली आणि एक लांबट वही आणून माझ्यासमोर ठेवली. म्हणाली, "ही खात्याची नाही, पप्पांची स्वतःची. लिहायचं तर लिहा काका, पण हे वाचून लिहा." दिनकरनं पट्टीनं रेघा मारून रकाने पाडले होते. तारीख. जनावर. मालक. सुई दिली की नाही. गिधाडं किती उतरली. आणि सगळ्यात उजवीकडं एक रकाना, वर वळणदार अक्षरात लिहिलेलं, 'दोर कुणी धरला'. बैठकीनंतर आखलेली वही असणार ती, आज ना उद्या त्या रकान्यात गावातली नावं येतील ह्या भरवशावर आखलेली. पानामागून पान मी उलटत गेलो. त्या रकान्यात 'मी' होतं. खाली 'मी'. त्याखाली 'मी'. पुढं पुढं नुसतीच खूण. आमच्या रेडीची तारीख मला पाठ होती, ते पान मी भीत भीतच काढलं. मालकाच्या रकान्यात माझ्या भावाचं नाव नव्हतं, माझं होतं. पुढं, 'सुई नाही. गिधाडं तीन.' आणि शेवटच्या रकान्यात, इतर कुठंही नसलेले दोन शब्द जास्त, 'मालक हजर. मी.'

सुजाता समोर बसून माझ्याकडं बघत होती. तिला मी तेव्हा जे सांगितलं नाही ते इथं लिहितो. त्या सकाळी ट्रॅक्टर परत गेल्यावर दिनकरनं दोराला दोन फास केले होते, एक त्याच्या खांद्यासाठी, एक माझ्यासाठी. माझा फास त्यानं माझ्यापुढं केला आणि म्हणाला, "धर की, पाटील." मी म्हणालो, थांब जरा, ऊन चांगलं आहे, आधी एक फोटो घेतो. तो बराच वेळ तसाच हात पुढं करून उभा होता.